चोथा, आतड्याची सूज आणि दीड वर्ष लांबलेलं पथ्य

लालबागची_लेक | १४ जुलै, रात्री १०.२०

बरेच दिवस लिहायचं मनात होतं. माझ्या धाकट्या भावाला (वय २७) अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येते, जखमा होतात, शौचातून रक्त जातं. तीन वर्षांपूर्वी सुरुवात झाली. मूळव्याध समजून दोन महिने वाया गेले, मग कोलोनोस्कोपी झाली. तेव्हा आजार जोरात होता आणि डॉक्टरांनी सांगितलं, "चोथा बंद. मऊ भात, मुगाच्या डाळीचं वरण, सोललेला उकडलेला बटाटा, केळं." ते त्या वेळी बरोबरच होतं. गोळ्या, एनिमा, काही दिवस स्टेरॉइड, आणि आठ आठवड्यांत रक्त थांबलं.

पथ्य मात्र थांबलं नाही. सुरू करायला सांगितलं होतं, सोडायला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. तपासणीला दर वेळी नवा डॉक्टर. "बरं आहे ना? गोळ्या चालू ठेवा." दीड वर्ष हा मुलगा वरणभात, पाव-बटर, खारी आणि बटाटा यांवर राहिला. आई कांदेपोह्यांवरची कोथिंबीरसुद्धा चिमटीने एकेक पान उचलून वाटीच्या कडेला लावत बसायची. पोहे निवून जायचे, पण तिचं वेचणं संपायचं नाही. पोराच्या आतड्याला ते पान टोचेल असं तिला खरंच वाटायचं.

फेब्रुवारीत पुन्हा रक्त. ऑफिसला अंधेरीला जाताना दादर, वांद्रे, अंधेरी यांतल्या कुठल्या फलाटावर शौचालय कुठल्या टोकाला आहे हे त्याला तोंडपाठ झालं होतं. या वेळी भेटलेल्या डॉक्टर बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "खातोस काय?" त्याने यादी सांगितली. त्या म्हणाल्या, "आत्ता सूज आहे तोवर हेच ठीक. पण ती उतरली की हे पथ्य सोडायचं आहे. दीड वर्ष तू स्वतः जेवलास, तुझ्या आतड्यातले जिवाणू उपाशी राहिले."

मी फार्मसी शिकले आहे, एका औषध कंपनीत कागदपत्रांचं काम बघते. डॉक्टर नाही, पण शोधनिबंध वाचायची सवय आहे. त्या एका वाक्यापासून वाचत सुटले आणि जे समजलं ते इथे मांडते. चुकलं तर सांगा.

फायबर, म्हणजेच चोथा, हा पोट साफ करणारा झाडू, एवढंच आपल्याला माहीत असतं. पण त्यातल्या बऱ्याचशा भागाचा खरा धनी आपण नसून मोठ्या आतड्यातले जिवाणू आहेत. आपल्या पाचकरसांना तो फोडता येत नाही, म्हणून तो लहान आतड्यातून जसाच्या तसा पुढे जातो. तिथे जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून तीन छोटी मेदाम्लं तयार होतात: ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट. यातलं ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तराचं मुख्य इंधन. शरीरातल्या बाकीच्या बहुतेक पेशी रक्तातून येणाऱ्या साखरेवर किंवा मेदावर चालतात. या पेशी मात्र आपलं बरंचसं जेवण समोरच्या पोकळीतून, जिवाणूंच्या हातचं घेतात. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी लॅपटॉप बंद करून गॅलरीत जाऊन उभी राहिले. दीड वर्ष आम्ही काय केलं ते डोळ्यांसमोर आलं.

दुसरी गोष्ट भिंतीची. पचनमार्गाचा आतला पृष्ठभाग पसरला तर साधारण ३२ चौरस मीटर भरतो, म्हणजे साडेतीनशे चौरस फूट, आपल्याकडच्या छोट्या वन-आरकेएवढा. एवढ्या जागेत बाहेरचं जग आणि आपलं रक्त यांच्यामध्ये पेशींचा फक्त एक थर असतो. मोठ्या आतड्यात त्या थरावर चिकट श्लेष्माचा लेप असतो. त्याचा आतला पदर निरोगी माणसात जवळजवळ जिवाणूमुक्त राहतो. जिवाणू त्या लेपापलीकडे राहतात, तोवर रोगप्रतिकारक यंत्रणाही शांत असते.

आता २०१६ सालचा उंदरांवरचा प्रयोग. मिशिगन विद्यापीठ आणि लक्झेंबर्ग इथल्या संशोधकांनी जंतुरहित वाढवलेल्या उंदरांच्या पोटात माणसाच्या आतड्यातल्या १४ जातींचे जिवाणू सोडले. काही उंदरांना फायबरयुक्त खाद्य दिलं, काहींना फायबर नसलेलं. ज्यांना फायबर मिळालं नाही त्यांच्या जिवाणूंनी श्लेष्माचा लेपच खायला घेतला, कारण तोही साखरेच्या साखळ्यांचाच बनलेला असतो. लेप पातळ झाला. नंतर एक रोगकारक जंतू सोडला तेव्हा याच उंदरांना जीवघेणा कोलायटिस झाला.

तिसरी गोष्ट थेट प्रतिकारशक्तीची. टी-पेशी म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी. त्यांच्यात एक गट असतो, ज्याचं काम हल्ला थांबवण्याचं. त्यांना नियामक टी-पेशी म्हणतात. २०१३ मध्ये अमेरिका आणि जपानमधल्या तीन वेगवेगळ्या गटांनी उंदरांमध्ये दाखवलं की ही छोटी मेदाम्लं, विशेषतः ब्युटिरेट, आतड्यातल्या या पेशी वाढवतात. ब्युटिरेट पेशीच्या आत जाऊन डीएनए गुंडाळून ठेवणाऱ्या प्रथिनांवरची खूण बदलतं, आणि 'शांत राहा' सांगणारं जनुक उघडं राहतं. म्हणजे आपण प्रतिकारशक्ती 'वाढवायची' म्हणतो, पण माझ्या भावाच्या आजारात ती आवरायची आहे. आवरणारे हात तयार व्हायला लागणारा माल जेवणातून येतो.

आता सूज उतरते आहे. माझा प्रश्न असा: ज्यांनी इतक्या मोठ्या खंडानंतर पुन्हा भाजी-भाकरी सुरू केली त्यांनी कशी केली? आईची भीती कशी घालवली?

परळकर | १४ जुलै, रात्री ११.४५

लेकी, फार कळकळीने लिहिलं आहेस. मी तीस वर्षं सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काढली, आता निवृत्त आहे. मांडणी बरोबर आहे, पण दोन गोष्टी जोडतो, कारण हा धागा बरेच रुग्ण वाचतील.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे. माणसांवरचा मला पटलेला प्रयोग २०१५ चा. अमेरिकेतले २० कृष्णवर्णीय आणि दक्षिण आफ्रिकेच्या ग्रामीण भागातले २० जण यांनी दोन आठवडे आपापला आहार बदलून घेतला. अमेरिकनांना भरपूर फायबर, कमी मेद. आफ्रिकनांना बर्गरसारखं. केवळ दोन आठवड्यांत अमेरिकनांचं ब्युटिरेट वाढलं आणि आतड्याच्या अस्तरातल्या सुजेच्या खुणा कमी झाल्या. आफ्रिकनांचं नेमकं उलटं झालं. फायबर कमी पडलं की आतड्याचे आजार वाढतात, असं डेनिस बर्किट नावाच्या आयरिश सर्जनने युगांडातल्या अनुभवावरून १९७० च्या दशकात म्हटलं होतं, त्याला यातून कारणमीमांसा मिळाली.

पण २०२१ चा स्टॅनफर्डचा अभ्यासही सांगायला हवा. ३६ निरोगी माणसं, दहा आठवडे. एका गटाने फायबर रोज साधारण २२ ग्रॅमवरून ४५ ग्रॅमवर नेलं. दुसऱ्याने दही, केफिर, किमची असे आंबवलेले पदार्थ वाढवले. दुसऱ्या गटात जिवाणूंची विविधता वाढली आणि सुजेशी निगडित १९ प्रथिनं घटली. फायबरच्या गटात सरसकट असं घडलं नाही. ज्यांच्या आतड्यात मुळात विविधता जास्त होती त्यांची सूज कमी झाली, बाकीच्यांची नाही. खाणारे जिवाणूच घरात नसतील तर वाढलेलं ताट तसंच राहतं. तुझ्या भावाचं दीड वर्ष लक्षात घेता हे फार महत्त्वाचं आहे.

आणि २०२३ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने दाखवलं की इन्युलिनसारखी काही फायबरं, जर आंबवली गेली नाहीत, तर काही रुग्णांच्या आतड्यात उलट सूज भडकवतात. हे इन्युलिन कांदा-लसणात असतं. तयार 'प्रीबायोटिक' (जिवाणूंच्या खाण्याच्या) पावडरींत आणि बिस्किटांत चिकरीच्या मुळाचं घालतात. तेव्हा डबा आणून चमचा-चमचा सुरू करू नका. अन्नातून, थोडं थोडं, आणि सूज उतरल्याची तपासणी करून.

कणीस_बंद | १५ जुलै, सकाळी ७.५०

मला क्रोन्स (आतड्याच्या सुजेचाच दुसरा आजार) आहे, नऊ वर्षं झाली. आधी आतड्याचा टीबी समजून मला नऊ महिने एकेटी (टीबीची औषधं) दिली होती. आपल्याकडे हे बऱ्याच जणांच्या वाट्याला येतं, कारण लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला टीबी आणि क्रोन्स दोन्ही होतात आणि बायोप्सीतही सारखे दिसू शकतात. त्या काळात आजार पुढे सरकला आणि त्या टोकाला जागा अरुंद झाली.

चार वर्षांपूर्वी पावसाळ्यात मरीन ड्राइव्हला मित्रांबरोबर भाजलेलं कणीस खाल्लं. लिंबू-तिखट लावून, अख्खं. रात्री दोनला पोट दगडासारखं झालं, उलट्या हिरव्या. नाकातून नळी घालून तीन दिवस ॲडमिट होतो. अरुंद जागेत दाण्यांची सालं अडकली होती.

म्हणून कळकळीची विनंती आहे. वर लिहिलंय ते सगळं खरं आहे, मीही त्याच विचाराचा आहे, पण ज्यांच्या आतड्यात स्ट्रिक्चर (अशी अरुंद झालेली जागा) आहे त्यांनी एमआर किंवा सीटी एन्टेरोग्राफीचा (लहान आतड्याच्या स्कॅनचा) रिपोर्ट डॉक्टरांना दाखवल्याशिवाय कच्च्या भाज्या, मका, सालं, बिया, शेंगांचे दोर यांना हात लावू नये. मी फायबर सोडलेलं नाही. दुधी, लाल भोपळा, गाजर सोलून, पूर्ण शिजवून, घोटून खातो. नाचणीची आंबील वस्त्रगाळ पिठाची. स्ट्रिक्चर नसतं तर भाकरीही खाल्ली असती.

साधीवाटी | १५ जुलै, दुपारी १.१५

मी आहारतज्ज्ञ आहे, मुलुंडला. वरचा प्रतिसाद आधी पुन्हा वाचा, मग माझा.

लेक, तुमच्या भावासारखे रुग्ण माझ्याकडे दर आठवड्याला येतात. डिस्चार्ज कार्डावर 'लो रेसिड्यू डाएट' (कमी चोथ्याचा आहार) एवढे तीन शब्द असतात आणि तारीख नसते. मी आता स्वतःच्या हाताने तारीख घालून देते: 'अमुक दिवसापर्यंत, मग मला फोन.'

आधी पोटात किती जातंय ते बघा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम कच्च्या ज्वारीत साधारण १० ग्रॅम फायबर असतं, बाजरी-नाचणीत ११ च्या आसपास, गव्हाच्या कणकेतही तेवढंच. पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात जेमतेम ३. अख्ख्या हरभऱ्यात २५. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला निदान २५ ग्रॅम सांगते. पाव-बटर आणि वरणभातावर माणूस त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही.

पण २५ चा आकडा भिंतीवर लिहून पहिल्या आठवड्यात गाठायचा नाही. उपाशी राहिलेल्या आतड्यात एकदम घुगऱ्या ओतल्या की वायू, मुरडा, आणि मग "बघ, मी म्हटलं नव्हतं?" म्हणून पुन्हा वरणभात. एक पदार्थ घ्या, दोन चमचे, चार दिवस तोच. काही झालं नाही तर अर्धी वाटी. मग दुसरा. मी सुरुवात बहुतेकांना सोललेल्या शिजवलेल्या गाजराने, पिकत आलेल्या केळ्याने आणि ओट्सच्या पातळ लापशीने करते. डाळी आणि उसळी सगळ्यांत शेवटी. पाणी वाढवायला विसरू नका.

एक सोपी गोष्ट: शिजवून गार केलेल्या भात-बटाट्यातला काही स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो आणि पचत नाही. तोही जिवाणूंचंच जेवण होतो. तेव्हा दहीभात गार भाताचा करा, पण तो भात फ्रिजमधला हवा. मुंबईच्या दमट हवेत रात्रभर ओट्यावर ठेवलेला नको. दही रोज. आंबवलेल्या पदार्थांत इडली-ढोकळा मोजू नका, वाफेत जिवाणू मरतात.

घाटकोपर_पूर्व | १५ जुलै, दुपारी ३.०५

माझे सासरे रोज रात्री दोन चमचे इसबगोल घेतात आणि भाजी खात नाहीत. म्हणतात, फायबर पोटात गेलं की झालं. हे बरोबर आहे का?

परळकर | १५ जुलै, सायंकाळी ६.३०

नाही. इसबगोलाचा भुसा पाणी धरून बुळबुळीत होतो, त्यामुळे शौचाला छान होतं, जुलाब-बद्धकोष्ठ दोन्हींत उपयोग होतो. पण तो जिवाणूंकडून फारसा आंबवला जात नाही. जिवाणूंच्या वेगवेगळ्या जातींना वेगवेगळं खाणं लागतं. एकाच पदार्थावर एकाच प्रकारची जमात पोसली जाते. सासऱ्यांना इसबगोल घेऊ दे, सोबत भाजीही वाढा.

अवांतर: स्पेनमध्ये १९९९ साली अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या १०५ रुग्णांवर एक चाचणी झाली होती. आजार शांत असताना इसबगोलाचं बी दिवसातून दोनदा १० ग्रॅम घेणाऱ्यांचा आजार उलटण्याचं प्रमाण मेसालामीनची (या आजारावरच्या नेहमीच्या औषधाची) गोळी घेणाऱ्यांच्या जवळपास होतं. चाचणी लहान होती. हे वाचून कुणी गोळ्या बंद केल्या तर मला फार वाईट वाटेल.

शेवळं_मिळाली | १५ जुलै, रात्री ९.१०

वाचनखूण साठवली. बोरिवली स्टेशनबाहेर सध्या टाकळा, कुर्डू, कंटोळी येताहेत. पालघरकडच्या बायका सकाळी लवकर बसतात, दहाच्या आत गाठा. कंटोळी मऊ शिजतात, बियाही कोवळ्या असतात. आमच्या आजारी आत्यांना ती पचली. तुमच्या भावाला चालतील का ते साधीवाटी सांगतीलच.

लालबागची_लेक | ९ ऑगस्ट, रात्री १०.५५

सगळ्यांचे आभार. जवळजवळ चार आठवडे झाले, काय केलं ते लिहिते.

आधी तपासणी. शौचातलं कॅल्प्रोटेक्टिन हे पांढऱ्या पेशींतलं प्रथिन सूज मोजायला वापरतात, निरोगी माणसात ५० च्या खाली असतं. फेब्रुवारीत त्याचं ९०० च्या वर होतं, जुलैच्या मध्याला ११० आलं. हे औषधाने उतरलं आहे, भाजीने नाही, तेव्हा आम्ही भाजी सुरूच केली नव्हती. डॉक्टर बाईंना हा धागा दाखवला. त्यांनी स्ट्रिक्चर नसल्याचं पुन्हा बघून मगच हो म्हटलं.

गाजर चार दिवस, मग लाल भोपळा, मग ओट्स. दुसऱ्या आठवड्यात पोट फुगायचं, दोन दिवस मागे आलो. ज्वारीची भाकरी पंधराव्या दिवशी, चतकोर, दुधात कुस्करून.

आईची भीती मात्र कागदाने गेली नाही, वालांनी गेली. आम्ही मूळचे रायगडकडचे, बिरडं हा घरातला सणाचा पदार्थ, आणि तीन वर्षांत तो शिजला नव्हता. मी तिला सांगितलं की मोड आल्यावर वायू करणाऱ्या साखरा कमी होतात आणि तू सालं काढतेसच. तिने काही उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी रात्री बघते तर परातीत कोमट पाणी, त्यात मोड आलेले वाल, आणि ती अंगठा आणि बोटाच्या मध्ये एकेक दाणा दाबते आहे. साल एकीकडे सुटतं, डाळिंबी दुसरीकडे पडते. कोथिंबीर वेचणारीच बोटं. तासाभराने परात पूर्ण झाली. भावाला तीन चमचे वाढले, नारळाच्या दुधात मऊ शिजवलेले. तो हळूहळू खात होता आणि ती स्वतः न जेवता त्याच्याकडे बघत होती. रात्री काही झालं नाही. सकाळीही नाही.

पुढची कॅल्प्रोटेक्टिन सप्टेंबरमध्ये आहे. गोळ्या चालू आहेत.

आता आईचा प्रश्न, तिनेच विचारायला सांगितलाय. ऋषिपंचमीला आमच्याकडे ऋषीची भाजी असते: अळू, माठ, सुरण, शिराळी, पडवळ, भेंडी, लाल भोपळा, कणसाचे तुकडे. त्याला या वर्षी वाढू का?

साधीवाटी | १० ऑगस्ट, सकाळी ८.४०

बिरड्याचं वाचून फार बरं वाटलं. आईंना माझा नमस्कार सांगा.

वाढा, तोवर त्रास नसेल तर. अमेरिका आणि इतर देशांतल्या हजारो लोकांच्या नमुन्यांवरच्या २०१८ च्या अभ्यासात, आठवड्याला तीसहून अधिक प्रकारच्या वनस्पती खाणाऱ्यांच्या आतड्यात, दहाच्या आत खाणाऱ्यांपेक्षा जास्त विविधता दिसली होती. ऋषीच्या भाजीत एका वाटीत दहा-बारा येतात. माठाचे देठ सोलून दोर काढा, शिराळ्याच्या शिरा पूर्ण तासा, अळू-सुरण नीट शिजू द्या. कणसाचा तुकडा चोखू दे, दाणे नकोत. पहिल्या दिवशी अर्धी वाटी, आणि त्या दिवशी दुसरा नवा पदार्थ नको.

कणीस_बंद | १० ऑगस्ट, सकाळी ९.२५

माझी आई माझ्यासाठी त्याच भाजीतला भोपळा आणि सुरण वेगळा काढून घोटते आणि वर रस्सा गाळून घालते. स्ट्रिक्चरवाल्यांनी तसं करा. चव तीच लागते.

लालबागची_लेक | १० ऑगस्ट, रात्री ९.००

आईला दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. माठाचे देठ कोवळे कधी मिळतील ते विचारायला ती उद्या सकाळी दादरच्या भाजी मंडईत चालली आहे.